चाळीस पिना

मुख्याध्यापक टेबलाशी येऊन उभे राहिले, तशी ग्रंथपाल बाईंनी मुकाट्याने स्टेपलर उचलला. आरोग्याच्या चाळीसच्या चाळीस पुस्तकांतलं लैंगिक संसर्गाचं प्रकरण त्यांनी पिना मारून बंद केलं. "आता पोरांना नको ती अक्कल यायची नाही," असं म्हणत सर समाधानाने निघून गेले.

कपाटाआड वाचत बसलेली दहावीतली मुलगी तरातरा पुढे आली. "बाई, माझ्या ताईच्या पुस्तकातही हीच पानं बंद होती. रोग कसा लागतो, कसा टाळायचा, तिला कुणी सांगितलंच नाही. कळलं ते थेट दवाखान्यात. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

बाईंचा चेहरा उतरला. "तिच्या पुस्तकातली पिन मीच मारली होती," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी टेबलाचा खण ओढला. आतला डबा वाकड्या पिनांनी काठोकाठ भरला होता.

"तुझ्या ताईचं कळलं, त्या वर्षापासून सरांची पाठ वळली की एकेक उपसून काढते. नखांची पार वाट लागली बघ. दाराला कडी घाल आणि बस इथे. वीस तुझ्या, वीस माझ्या."