पलीकडचा नळ

मंदीत पगार निम्म्यावर आला, तसं सूर्यकांतने विभावरीला आणि मुलांना पुण्याला पाठवलं आणि दुबईतल्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये तो एकटा उरला. पाठदुखीवर म्हणून सुरू केलेली क्रॅटम या नशा आणणाऱ्या पाल्याची हिरवी पूड एव्हाना अंगात मुरली होती. तिथे तिच्यावर बंदी, त्यामुळे डॉक्टरला सांगावं तर पोलिसांची भीती. मग इंटरनेटवरच्या एका अनोळखी माणसाच्या सल्ल्याने तो पूड चिमूट चिमूट कमी करत होता आणि जेवणानंतर मॅग्नेशियमची गोळी घेत होता.

पाय वळवळायचे, घाम फुटायचा, चिडचिड व्हायची. त्यात शेजारच्या फ्लॅटमधला नळ! तिथला माणूसही बायकापोरं गावी पाठवून एकटाच राहायचा, आणि ऑफिसातून आला की बाथरूममधला नळ सोडून बसायचा. सूर्यकांत भिंतीवर मूठ आपटून ओरडायचा, "भाईसाब, खलास करो! पानी क्या मुफ्त का है?"

आज विभावरीने फोनवर विचारलं, "अहो, बरे आहात ना?"

"एकदम फर्स्ट क्लास," तो म्हणाला. फोन ठेवला आणि त्या अनोळखी माणसाला लिहिलं, "गोळ्यांनी पाय थांबले. पण रडू येतं, त्याला काय घेऊ?"

उत्तर आलं, "त्याला गोळी नाही. बाथरूममध्ये जा, नळ सोड आणि मोकळा हो. शेजाऱ्यांना ऐकू जात नाही."

 

भिंतीपलीकडे नळ सुरू झाला. सूर्यकांतने सवयीने मूठ उगारली, तशीच खाली घेतली, आणि आपलाही नळ सोडला.