मंगळवारचं अस्तर

पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसल्यापासून थोरल्याच्या जिभेला हाडच राहिलं नव्हतं. ऑफिसचं काम घरी आणलं, आईचं कापड कापायचं टेबल अडवलं, त्याबद्दल ती एका शब्दाने बोलली नाही. पण ऑफिसातल्या मुलीला घरी बोलावून घ्यायचं, साधं पाणी विचारायचं नाही आणि आल्या आल्या तिच्यावर खेकसायचं, हे कुणी शिकवलं याला? आईने तर नक्कीच नाही.

ती खिडकीशी शिलाई मशीनला पाठ लावून बसली होती. मांडीवर जांभळा कोट होता. त्याचं अस्तर ब्लेडने उसवत होती.

"लिही," थोरला म्हणाला. "फाइल माझ्याकडून चुकून गेली. मी नवीन असल्याने लक्षात आलं नाही. खाली नाव, तारीख. चारला साहेबांचा फोन येईल, त्याआधी पाठवून टाक."

मुलीने लॅपटॉप उघडला. बोटं ठेवली आणि ती तशीच राहू दिली.

"सर, चुकून नाही गेली. तुम्ही सांगितलंत म्हणून मी घातली."

"कसली फाइल गं?" आईने खिडकीशी बसूनच विचारलं.

"आई, तू मध्ये पडू नकोस. चौथी शिकलीस, तुला यातलं काय कळणार?"

"तुला विचारलंय का?" आईने तांब्या-पेला मुलीपुढे सरकवला. "तू आधी पाणी पी. मग सांग."

मुलीने पेला एका दमात संपवला.

"काकू, आमच्या प्रोजेक्टमधल्या सूचना चालवल्या की शंभर सर्व्हर आपोआप उभे राहतात. त्या सूचना सगळ्यांच्या सामाईक. पण पासवर्ड असतात ती फाइल ज्याच्या-त्याच्या मशीनवरच ठेवायची. ती चुकूनही सामाईक जागेत जाऊ नये म्हणून एक यादी असते. यादीत नाव घातलं की फाइल जागची हलत नाही."

"म्हणजे कापायचा खाका हाताखालच्या सगळ्या बायकांना, आणि गिऱ्हाइकांच्या मापांची वही माझ्या ड्रॉवरमध्ये. पुढे?"

"सरांना घरच्या लॅपटॉपवर ती फाइल हवी होती. मंगळवारी मी यादीतली ओळ काढली. फाइल गेली, आणि सर ज्यांना शिकवतात त्या बाहेरच्या कंपनीतल्या तीस जणांच्या मशीनवर उतरली."

"अगं, काढून टाकलीय ना आता! विषय संपला," थोरला म्हणाला.

"काढली तरी जुन्या नोंदींमध्ये राहते, सर. तीस जणांनी घेतली ती घेतलीच. आजच्या आज पासवर्ड बदलायला हवेत. त्यासाठी साहेबांना खरं सांगावं लागेल."

"मला अक्कल शिकवू नकोस. नोंदीत नाव तुझं आहे. मी सांगितलं याला पुरावा काय? नवीन आहेस, समज देऊन सोडतील."

"माझे उमेदवारीचे सहा महिने भरायला नऊ दिवस राहिलेत. समज नाही देणार, घरी पाठवतील." तिने लॅपटॉप मिटला. "मी हे लिहिणार नाही."

"मग बघतोच मी!"

आईने ब्लेड बाजूला ठेवलं.

"मंगळवारी, अकराच्या सुमाराला," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर होता. ही पोरगी म्हणत होती, पेन ड्राइव्हवर घालून आणून देते. तू केवढ्याने ओरडलास! लाडात येऊ नकोस, यादीतली ओळ काढ आणि पाठव सगळं. मी इथेच बसले होते. चौथी शिकले, बहिरी नाही झाले."

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं नाही. प्लास्टरला चिकटलेला एक धागा तो नखाने उकरत राहिला.

"माझी जागा जाईल, आई," तो शेवटी पुटपुटला. "चारचौघांत सांगतेस ना, माझा मुलगा तीस जणांना शिकवतो म्हणून?"

"सांगत होते."

टेबलावरचा फोन वाजला. चारला पाच कमी होते, आणि पडद्यावर साहेबांचं नाव होतं. थोरल्याने फोन बंद करायला हात पुढे केला. त्याच्याआधी आईने उठून तो वाजता फोन हातात घेतला आणि त्याच्या प्लास्टरवर ठेवला. फोन तिथे थरथरत राहिला. मग तिने कोट त्याच्या तोंडासमोर धरला, अर्धं उसवलेलं अस्तर खाली लोंबत होतं.

"हे बघ. मंगळवारी तुझ्या त्या ओरडण्याने माझा हात चुकला. अस्तर उलटं लागलं. सकाळी कोटवाली आली तेव्हा मी तिला काय सांगितलं? माझ्या हातून चुकलं, बाई, संध्याकाळी या. तुझं नाव घेतलं मी? माझ्या घरात बसून दुसऱ्याची लेक खोटं लिहिणार नाही. उचल फोन. तू बोलला नाहीस तर मी बोलेन, आणि चौथी शिकलेल्या बाईने बोलावं तसंच बोलेन."