कागदावरचं पाऊल

बसा मंडळी, अमेरिकेतली एक जुनी गोष्ट सांगतो. तिथं दक्षिणेकडं काळ्या माणसानं दुकानातला बूट पायात घालून बघायचा नाही, अशी रीत होती. म्हणून लव्हिनिया नावाच्या एका काळ्या बाईनं लेकीचं पाऊल कागदावर आखून आणलं. उद्या शाळेच्या समारंभात पोर स्वतः लिहिलेली कविता वाचणार होती.

गोऱ्या दुकानदारानं मेलेला उंदीर धरावा तसा तो कागद चिमटीत धरला. मग बूट काढले, अन् शेजारी उभ्या गिऱ्हाईक मडमेला हसवायला आधी आपल्या लाळ गळणाऱ्या कुत्र्याच्या पायांत चढवले. "बघा बाईसाहेब, आमचा ड्यूक कसा साहेब झाला!" मग तेच ओले बूट पुढं सरकवले. "घे. तुझ्या पोरीला बसतील."

लव्हिनियानं दुकानदाराकडं बघितलं. त्याच्या अंगातला पांढराशुभ्र सदरा काल तिनंच धुऊन, इस्त्री करून दिला होता. तिचे काळे हात त्याच्या कॉलरला चालत होते की!

"ड्यूकसाहेबालाच राहू द्या," ती म्हणाली, अन् कागद घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी पोर स्टेजवर अनवाणीच उभी राहिली.

बाबांनो, तिच्या पायांकडं बघू नका. ती काय वाचतीय, ते ऐका.