गुंजेचं टरफल

"चिनूनं गुंज गिळली, त्यात एवढं काय घाबरायचं, हेमांगी? अख्खीच्या अख्खी बाहेर पडते. तुझ्या नवऱ्यानंही लहानपणी गिळली होती," सासूबाई म्हणाल्या.

हेमांगी मात्र परसात धावली. गुंजेत जहर असतं, पण दगडासारखं टरफल ते आत कोंडून ठेवतं. टणक बिया लवकर रुजाव्यात म्हणून हेमांगीनं प्रयोगशाळेत टरफल मऊ करणारी बुरशी तयार केली होती आणि गेल्या हिवाळ्यात ती घरामागच्या साऱ्या डोंगरावर फवारली होती. परसातल्या वेलावरची एक गुंज तोडून तिनं दाबली. नख लोण्यात रुतावं तसं आत गेलं.

तिनं लेकीला उचललं आणि तडक दवाखाना गाठला.

"या विषावर उतारा नाही," चिनूचं पोट धुता धुता डॉक्टर हळूच म्हणाले. "गुंज सगळी निघाली, तर मात्र भीती नाही."

नर्सनं ट्रे पुढे केला. हेमांगीनं वाकून पाहिलं. लाल टरफल उकललेलं होतं आणि त्याच्याशेजारी बीच्या दोन दलांपैकी एकच पडलं होतं.

दुसरं कुठेच दिसेना.

"आई, पोटात दुखतंय," चिनू म्हणाली.