हवेत मारलेली गोळी

गावाच्या टाकीतून पाण्याची धार लागली होती आणि बाया घागरी घेऊन तिच्यावर तुटून पडल्या होत्या.

"मी हवेत मारली हुती," सुंदरराव म्हणाला. हातात पिस्तूल, अंगभर गुलाल.

हवेत म्हणे. मग टाकी काय उडत होती? दूध संस्थेची निवडणूक पुन्हा जिंकून त्याची मिरवणूक नांदूरघाटाहून गावात शिरली. पहिली गोळी खरंच हवेत गेली. दुसरीच्या वेळी बंकटनं, म्हणजे त्याच्याच जिवलग दोस्तानं, मूठभर गुलाल त्याच्या तोंडावर उधळला. डोळे मिटले, हात खाली आला, बोट मात्र चाललं. गोळी थेट टाकीत. आठवड्यानं टँकर आला होता अन् आत्ताच टाकी भरून गेला होता.

बरं, दूध संस्था तरी केवढी? दुष्काळात निम्मी जनावरं छावणीत, राहिलेल्यांच्या सडात थेंब नाही. अन् असल्या संस्थेच्या चेअरमनला कमरेला पिस्तूल लागतं. कुणापासून जीव वाचवायचा, तर म्हणे विरोधकापासून. विरोधक कोण, तर सख्खा चुलतभाऊ. ह्यानं घेतलं म्हणून त्यानंही घेतलं. झालं, दोघंही पुढारी.

सुंदररावाची बायको मुक्ताबाई वर्षभर सांगून थकली होती. ते लोढणं घरात नको म्हणावं, तर तो हसायचा. जेवताना ताटाशेजारी पिस्तूल, झोपताना उशाखाली पिस्तूल. लेकराला त्या उशीपासून लांब ठेवता ठेवता तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

आज सकाळपासून तीही टाकीच्या ओट्यावर बसून होती. चेअरमनची बायको म्हणून आधी पाणी घ्यायचं तिला कधी जमलं नाही. टाकीला डोकं टेकून बसायची तिची जागा ठरलेली. हलगी ऐकली तशी ती उठली, घागर जागेवर ठेवली आणि ओवाळायचं ताट आणायला घरी गेली. परत येते तर ही तऱ्हा.

"आता आठ दिस काय गुलाल पिऊ का?" म्हातारी छबुबाई चेअरमनच्या तोंडावर म्हणाली.

"कावून गलका करता? उद्या दुसरा टँकर आणतो. पाणीच सांडलंय, माणूस तर न्हाई ना." सुंदररावानं पिस्तूल कमरेला खोचलं आणि बायकोकडं वळला. "ओवाळ गं लवकर. अजून चौसाळ्याला मिरवणूक हाय. आज ओवाळणी मागशील ती घालतो."

मुक्ताबाईनं ओवाळलं नाही. ताट घेऊन ती सरळ टाकीकडं निघाली. बाया बाजूला झाल्या. ओट्यावर, आपल्या घागरीशेजारी, ती सकाळसारखीच बसली. पाठ टेकली. मग डोकं टेकलं.

धार थांबली.

हलगीही थांबली. मुक्ताबाईचा पदर हळूहळू भिजत खांद्यावर उतरत होता. सुंदरराव भोक शोधत होता. भोक कुठंच दिसेना. त्या जागी बायकोचं कुंकू लावलेलं कपाळ होतं.

बंकट हातातला गुलाल धोतराला पुसू लागला.

मुक्ताबाईनं डोकं न हलवता ताट पुढं केलं. त्यातलं निरांजन अजून जळत होतं.

"मागशील ती म्हणलात न्हवं?" ती म्हणाली. "मग ते कमरंचं घाला."