ढिली दोरी

विहिरीपाशी दोनशे फुटी दोरीचं टोक धरून सरपंच सोजरबाई उभ्या होत्या. ठराव त्यांचाच होता: पिण्याच्या विहिरीपासून दोनशे फुटांत तेल, केमिकल, भंगार नको. चाकणच्या कंपन्यांची गोदामं हलली; फारूकचं गॅरेज मोजायचं राहिलं. गावातली प्रत्येक मोटारसायकल त्यानंच जिवंत ठेवलेली. म्हणून बाईंनी दोरी झोपाळ्यासारखी ढिली सोडली. सगळं गाव एकाएकी आभाळात विमान शोधू लागलं. दोरी गॅरेजच्या दाराबाहेरच संपली. "सुटलास, भावा!" कुणीतरी ओरडलं. दुसरं टोक फारूकच्या हातात होतं. "मावशी, दोरी ढिली हाय." "मला न्हाई दिसत." "चष्मा डोळ्यावर हाय की!" त्यानं खच्चून ओढली. टोक गॅरेजमधल्या तेलाच्या खड्ड्यावर आलं. "येड्या, गॅरेज जाईल तुझं!" "गॅरेज हलवता येतं, मावशी. विहीर हलवून दाखवा." दुसऱ्या दिवशी सामान न्यायला गावातल्या साऱ्या मोटारसायकली आल्या. अर्ध्या ढकलतच.