चिमूटभर हळद

मोठे डॉक्टर दहा विद्यार्थ्यांना घेऊन ओवीच्या चार नंबरच्या खाटेपाशी आले. "जन्मतःच श्वासनलिकेत दोष. ऑपरेशननंतर श्वासनलिकेला अन्ननलिकेच्या बाजूने भोक पडलं. दुर्मीळ गुंतागुंत, पण आमच्या नजरेतून सुटली नाही."

ओवीच्या आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा दिवस ती सांगत होती, पाजलेलं दूध श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीतून बाहेर येतंय, लेक काळीनिळी पडतेय. "लाळ आहे ती, चार नंबरची आई. डोकं खाऊ नका," हेच डॉक्टर म्हणाले होते. परवा तिने दुधात चिमूटभर हळद घातली, तेव्हा कुठे तपासणी झाली.

तिने उशाखालचं फडकं काढून विद्यार्थ्यांसमोर पसरलं. ओवीची नळी पुसून पिवळंधमक झालेलं.

"साहेब, यांना हेही शिकवा," ती म्हणाली. "लाळेला हळदीचा वास कसा येतो ते."